पैसे थांबवायचा अधिकार कुणाकडे?

मागच्या अंकात वृत्तवाहिन्यांच्या कमाईवर लिहिताना मी म्हटलं होतं, की वाहिनी सरकारी की खासगी हे नंतर बघा. तिचा पैसा कोण थांबवू शकतं, हे आधी बघा. त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावून लिहिलेली आहेत, आणि त्यांतले प्रश्न नेमके आहेत. माझ्या नोकरीची वर्षं आधी आकाशवाणीत आणि मग एका खासगी वृत्तवाहिनीत जाहिरातींचं वेळापत्रक लावण्यात गेली. बातमीपेक्षा बातमीच्या आजूबाजूची जागा मी जास्त पाहिली. उत्तरंही तिथूनच देते आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारं ‘प्रसार भारती’ महामंडळ स्थापन झालं तेव्हा वाटलं होतं, आता त्यांच्या बातम्या बदलतील. सरकारं बदलली, बातम्यांचा सूर मात्र सत्तेत असेल त्याच्याच बाजूचा राहिला. कायदा असूनही हे कसं?

तुमच्या पिढीने पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरले आहेत. ते पैसे सरकारी तिजोरीतच जात, तरी ऐकणारा आणि ऐकवणारा यांच्यात पैशाचा एक धागा होता. १९८०च्या दशकात ती फी रद्द झाली आणि सगळ्यांना बरं वाटलं. त्याआधीच, १९६७पासून विविध भारतीवर आणि १९७६पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या होत्या. म्हणजे उरले दोनच दाते : सरकार आणि जाहिरातदार.

आणीबाणीत या माध्यमांचा कसा वापर झाला हे पाहिल्यावर जनता सरकारने बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९७८मध्ये तिने ‘आकाश भारती’ नावाचा स्वतंत्र विश्वस्त न्यास सुचवला. तो झाला नाही. १९९०मध्ये प्रसार भारतीचा कायदा संमत झाला आणि तब्बल सात वर्षं अंमलाविना पडून राहिला. या मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला, जो प्रत्येक मराठी माणसाला माहीत असावा असं मला मनापासून वाटतं. वाद होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा, बंगालची क्रिकेट संघटना विरुद्ध केंद्र सरकार. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात लिहिलं की प्रसारणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचं नियंत्रण समाजातल्या सर्व घटकांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाकडे हवं. लहरी सरकारच्या नाहीत, धनिकाच्याही नाहीत, हे त्या निकालाने एकाच वेळी सांगितलं. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९९७मध्ये, कायदा लागू झाला.

आता त्या कायद्याचं पैशाचं कलम काढून वाचा. संसदेच्या मंजुरीनंतर केंद्र सरकार महामंडळाला लायसन्स फीचं उत्पन्न आणि अनुदान, कर्ज वगैरे रकमा देऊ शकेल, असं त्यात आहे. लायसन्स फी तर कधीच गेली होती, उरलं अनुदान. किती द्यायचं, कधी द्यायचं, हे केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या हातात. २०१८च्या सुरुवातीला प्रसार भारतीचे तेव्हाचे अध्यक्ष ए. सूर्यप्रकाश यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की मंत्रालयाने पगाराचे पैसे सोडले नाहीत आणि महामंडळाला आपल्या राखीव निधीतून पगार करावे लागले. मंत्रालयाने आरोप फेटाळला. खरं-खोटं बाजूला ठेवा. पगाराची तारीख मंत्रालयाच्या एका सहीवर अडू शकते, एवढं त्या भांडणातून कळलं, आणि वृत्तकक्षात बसलेल्या माणसाला तेवढं पुरतं. यंत्रसामग्रीचंही तेच. जानेवारी २०२३मध्ये केंद्राने आकाशवाणी-दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पैसा गरजेचा होता, यात शंका नाही. पण तो आला मंत्रिमंडळाच्या निर्णयातून.

कायद्यात २२ खासदारांची देखरेख समिती आहे, तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद आहे. दोन्ही कागदावरच राहिल्या. कुठल्याही पक्षाच्या सरकारला त्या नेमाव्याशा वाटल्या नाहीत. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘सरकारं बदलली’ हे वाक्य मला फार बरोबर वाटतं.

प्रश्न : खासगी एफएमवर दिवसभर गाणी आणि गप्पा. बातम्या का नाहीत?

कारण परवानगी नाही. खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या तयार करून देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, काहीही न बदलता लावता येतं. टीव्हीवर शेकडो खासगी वृत्तवाहिन्यांना चालतं ते रेडिओवर का चालत नाही, याचं पटणारं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही. रेडिओ केंद्र काढायला सगळ्यात स्वस्त, त्याला ना पडदा लागतो ना लिहिता-वाचता येणं. गावपातळीवरची बातमी देऊ शकणारं माध्यम नेमकं हेच आहे.

प्रश्न : मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. वर्गात मुलांना सांगते की खासगी माध्यमं सरकारपासून स्वतंत्र असतात. मग एक मुलगी म्हणाली, ‘बाई, पण सगळीकडे सारखंच का बोलतात?’ तिला काय सांगू?

तिला सांगा की तिने फार चांगला प्रश्न विचारला. उत्तर जरा लांबेल.

खासगी वाहिनीचा सगळ्यात भरवशाचा जाहिरातदार अनेकदा सरकारच असतं. केंद्राच्या जाहिराती पूर्वी डीएव्हीपी हे सरकारी जाहिरात खातं देत असे, आता केंद्रीय संचार ब्युरो देतो. राज्यांची आपापली माहिती खाती आहेत. शिवाय महामंडळं, सार्वजनिक बँका, महापालिका. साबणवाला मंदीत हात आखडता घेतो. सरकारचं उलट असतं, निवडणुकीच्या आधी तर तिकडून ओघ वाढतो. छोट्या प्रादेशिक वाहिनीचं वर्ष त्यावर तरतं.

ही जाहिरात माझ्या टेबलावर कशी यायची ते सांगते. आधी येतो आरओ, म्हणजे रिलीज ऑर्डर. त्यावर मोहिमेचं नाव, तारखा, किती सेकंदांचा स्पॉट, कुठल्या वेळपट्ट्यात, दर दहा सेकंदांना किती. आम्ही तो दिवसाच्या लॉगमध्ये, म्हणजे कुठली जाहिरात कधी लागणार याच्या यादीत, बसवायचो, रात्री चालला की नाही ते तपासायचो, मग टेलिकास्ट सर्टिफिकेट, म्हणजे जाहिरात लागल्याचा दाखला, काढून बिलाला जोडायचो. इथपर्यंत साबणाची आणि सरकारची जाहिरात सारखीच. फरक पुढे सुरू होतो. सरकारी बिल महिनोन्‌महिने पडून राहायचं. जाहिरात चालून गेलेली, पैसा खर्च झालेला आणि येणं बाकी. आमच्या हिशेबनीसाच्या भिंतीवर थकबाकीचा एक कागद चिकटवलेला असे, त्यात वरच्या ओळी कायम सरकारी खात्यांच्या. बाहेर सगळे म्हणतात, नवी जाहिरात मिळणार नाही या भीतीने वाहिन्या गप्प बसतात. आत बसलेल्याला खरी भीती जुन्या बिलांची असते. नवी जाहिरात न मिळाली तर कमाई कमी होते. जुनं बिल अडलं तर या महिन्याचे पगार होत नाहीत. आणि बिल अडवायला कुठलाही आदेश काढावा लागत नाही. फाइलवर एक शंका लिहिली की झालं.

उघडपणे जाहिराती थांबवल्याचीही उदाहरणं आहेत. फेब्रुवारी २०१९मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये दोन दैनिकांच्या सरकारी जाहिराती बंद झाल्या. कारण लेखी दिलं नाही. मार्चमध्ये तिथल्या वृत्तपत्रांनी निषेध म्हणून पहिलं पान कोरं छापलं. ती वृत्तपत्रं होती म्हणून निदान कोरं पान दिसलं. टीव्हीवर असं काही झालं तर त्या जागी दुसरा कार्यक्रम लागतो आणि प्रेक्षकाला कळतही नाही.

जाहिरातीची ही एक दोरी झाली. दुसरी दोरी परवान्याची. मल्याळम वाहिनी ‘मीडिया वन’चं प्रक्षेपण जानेवारी २०२२मध्ये थांबलं, कारण गृहमंत्रालयाने सुरक्षा मंजुरी नाकारली आणि कारणं बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिली. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि बंद लिफाफ्याच्या पद्धतीवर कडक शब्दांत टीका केली. वाहिनी जिंकली. पण परवाना नूतनीकरणाची फाइल ज्यांची मंत्रालयात पडली होती, अशा प्रत्येक मालकाने त्या सव्वा वर्षात काय विचार केला असेल?

तिसरी दोरी केबलची. जून २०१४मध्ये तेलंगणात केबलचालकांनी ‘टीव्ही ९’ आणि ‘एबीएन आंध्रज्योती’ या वाहिन्या दाखवणं बंद केलं, आमदारांचा अपमान केला असा राग होता. देशात काही राज्यांत केबलचं जाळं सरकारचं किंवा सत्तेजवळच्या माणसांचं राहिलं आहे. दूरसंचार आणि प्रसारण यांचं नियमन करणाऱ्या ‘ट्राय’ने २०१४मध्ये, आणि त्याआधीही, शिफारस केली होती की राजकीय पक्ष आणि सरकारी यंत्रणा यांना प्रसारण व वितरणाच्या धंद्यात येऊ देऊ नये. ती अमलात आली नाही.

चौथी गोष्ट, मालकाचे बाकीचे धंदे. वृत्तवाहिनी हा बहुतेक मालकांचा मुख्य धंदा नसतो. बंदर, वीज, दूरसंचार, जमीन, खाणी, शिक्षणसंस्था यांपैकी काहीतरी मुख्य असतं. २०१४मध्ये ‘नेटवर्क १८’ रिलायन्सकडे गेलं, २०२२च्या अखेरीस ‘एनडीटीव्ही’ अदानी समूहाकडे. अशा समूहाला वाहिनीतून तोटा परवडतो. सरकारशी बिघडलेलं परवडत नाही. त्या मुलीला हे सोप्या शब्दांत सांगता येईल : ज्याला दहा ठिकाणी सरकारची सही लागते, तो अकराव्या ठिकाणी सरकारला अवघड प्रश्न विचारायला कचरतो.

प्रश्न : जाहिरातदार बातमीत ढवळाढवळ करतात, ही मला जरा पत्रकारांनीच पसरवलेली दंतकथा वाटते. मी स्वतः उद्योजक आहे, जाहिराती देतो, आजवर कुणा संपादकाला फोन केलेला नाही.

तुमच्यावर माझा विश्वास आहे. बहुतेक जाहिरातदार फोन करत नाहीत. त्यांना तो करावाच लागत नाही.

पूर्वी ते उघडपणे करत. अमेरिकेत १९४९मध्ये एनबीसी वाहिनीवर रोजचं बातमीपत्र सुरू झालं, त्याच्या नावातच सिगारेटचा ब्रँड होता. सिगारेट कंपनीची अट अशी, की पडद्यावर ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी दिसता कामा नये, आणि सिगार ओढणारा माणूस दाखवायचा नाही. चर्चिल यांना तेवढी सूट होती. १९५९मध्ये सीबीएस वाहिनीवर नाझींवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यावरचं नाटक थेट प्रसारित झालं. प्रायोजकांत गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांची संघटना होती. छळछावण्यांतल्या गॅस चेंबरचा उल्लेख आला की ध्वनी बंद करून ‘गॅस’ हा शब्द गाळला गेला. लाखो माणसं कशाने मारली गेली, तेवढाच शब्द. आणि १९५४मध्ये सीबीएसचे पत्रकार एडवर्ड मरो यांनी, माणसांवर कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेले सिनेटर मॅकार्थी यांच्यावर कार्यक्रम केला, तेव्हा त्यांच्याच वाहिनीने त्याची जाहिरात करायला नकार दिला. मरो आणि त्यांचे निर्माते फ्रेड फ्रेंडली यांनी खिशातून १,५०० डॉलर घालून वृत्तपत्रात जाहिरात दिली. पुढच्या वर्षी त्यांचा प्रायोजक निघून गेला.

आता मी पाहिलेलं सांगते. वाहिनीचं आणि कंपनीचं नाव देत नाही. संध्याकाळी सातच्या बातमीपत्राच्या रनडाऊनमध्ये, म्हणजे बातम्यांच्या क्रमवार यादीत, सहाव्या क्रमांकावर एक बातमी होती : पैसे भरून चार वर्षं घराचा ताबा न मिळालेल्या माणसांनी बिल्डरच्या कार्यालयासमोर धरणं धरलं होतं. प्रतिनिधीने दोन चांगले बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या प्रतिक्रिया, आणले होते. त्यातल्या एका बाईंनी कॅमेऱ्यासमोर हप्ते आणि भाडं दोन्ही भरल्याच्या पावत्या धरल्या होत्या. साडेसहाला मी पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात, लॉग द्यायला गेले तेव्हा ती ओळ करडी झाली होती, पुढे ‘होल्ड’. निर्मात्याने माझ्याच लॉगकडे बोट दाखवलं. त्या बातमीपत्राच्या हेडलाइन्स त्याच बिल्डरच्या सौजन्याने होत्या. कुणाचा फोन आला नव्हता, मालकाने काही सांगितलं नव्हतं, मार्केटिंगच्या माणसाला तर अशी बातमी आहे हेही माहीत नव्हतं. निर्मात्याने लॉग वाचला आणि बातमी बाजूला ठेवली. ती नंतर कधीच लागली नाही. त्या प्रतिनिधीने पुढे अशा बातम्या आणणंच सोडलं, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं. गाळलेल्या बातमीची निदान फाइल तरी राहते. न आणलेल्या बातमीचं काहीच राहत नाही.

तेव्हा तुम्ही फोन करत नाही, हे चांगलंच आहे. पण तुम्हाला एक गोष्ट करता येईल : प्रायोजकत्वाच्या करारात लिहून द्या, की आमच्याविषयी प्रतिकूल बातमी लागली म्हणून करार मोडणार नाही. मी अशी ओळ एकाही आरओवर पाहिलेली नाही. तुम्ही लिहिलीत तर तो कागद निर्मात्याच्या टेबलावर ठेवता येईल.

जाता जाता, पैशापायी बातमी गाळणं हा एक रोग, आणि पैसे घेऊन बातमी लावणं हा वेगळा रोग आहे. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या दैनिकांत उमेदवारांचं कौतुक शब्दशः सारखं छापून आलं आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी गेला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१०मध्ये नावानिशी अहवाल दिला. कौन्सिलने तो पूर्ण प्रसिद्ध करायलाही खूप खळखळ केली. त्यावर एक स्वतंत्र लेख लिहायला हवा.

प्रश्न : टीआरपी खरा असतो का?

मोजला जातो हे खरं. पण २०२०च्या सुमारास कोण कुठली वाहिनी पाहतं हे मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे मीटर देशभरात सुमारे ४४ हजार घरांत होते, आणि टीव्ही असलेली घरं सुमारे २१ कोटी. मालिकांसाठी हा नमुना चालून जातो, कारण प्रेक्षक भरपूर. इंग्रजी बातम्यांसारख्या थोडक्या प्रेक्षकांच्या गटात दहा-वीस घरांनी बटण बदललं तरी क्रमवारी हलते. म्हणून घरं शोधून फितवण्याचा मोह होतो. ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी तसे आरोप केले, बार्कने बातम्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले आणि ते मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू झाले.

सेट टॉप बॉक्स सुरू केल्या केल्या जी वाहिनी आपोआप दिसते ती जागासुद्धा विकत घेतलेली असते. तुम्ही रिमोट शोधत असता तेवढ्यात ती तुमच्या घरी ‘पाहिली’ गेलेली असते.

आकडे बंद होते त्या सुमारे दीड वर्षात माझी अपेक्षा होती की आरडाओरडा कमी होईल. झाला नाही. त्यावरून माझं मत झालं, की ओरडण्याचं सगळं खापर टीआरपीवर फोडता येत नाही. स्टुडिओत चार माणसं भांडत ठेवणं हे चार जिल्ह्यांत प्रतिनिधी ठेवण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

प्रश्न : हे कुठेतरी नीट जमलंय का? ब्रिटनसारखी फी लावली तर?

बीबीसीचं उदाहरण सगळे देतात. फी घरटी आहे हे खरं, पण ती किती असावी हे सरकारच ठरवतं. २०१५मध्ये ७५ वर्षांवरच्या नागरिकांच्या मोफत लायसन्सचा भार सरकारने बीबीसीवर ढकलला, पुढे दोन वर्षं फी गोठवली. तिची सनदही मुदतीची आहे, सध्याची २०२७च्या अखेरीस संपते. दर वेळी मुदत जवळ आली की हवा बदलते. तरीही सरकारी अनुदानापेक्षा हे लाख पटीने बरं, कारण एका रागाच्या भरात ते थांबवता येत नाही. अमेरिकेत १९६७च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणासाठी महामंडळ केलं, आणि पुढे दबाव येऊ नये म्हणून दोन वर्षांचे पैसे आगाऊ मंजूर करायची पद्धत आली. जुलै २०२५मध्ये तिथल्या संसदेने (काँग्रेसने) आगाऊ मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले. ऑगस्टमध्ये महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. छोट्या गावांतली केंद्रं सगळ्यात जास्त त्यावर अवलंबून होती.

ग्रीसचं तर मला अजून नवल वाटतं. तिथे ‘ईआरटी’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेचा पैसा विजेच्या बिलातून यायचा, म्हणजे बऱ्यापैकी सुरक्षित. ११ जून २०१३ला सरकारने संस्था बंद केल्याचं जाहीर केलं आणि त्याच रात्री पडदे काळे पडले. कर्मचारी स्टुडिओत ठाण मांडून इंटरनेटवरून प्रक्षेपण करत राहिले. दोन वर्षांनी सरकार बदललं तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. पैसा सुरक्षित होता, संस्था नव्हती.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती जर्मनी. १९६१मध्ये चान्सलर आडेनाउअर यांना केंद्राची स्वतःची टीव्ही वाहिनी काढायची होती, घटनात्मक न्यायालयाने ती अडवली. प्रसारण राज्यसत्तेपासून दूर हवं, हे तिथे त्या निकालाने पक्कं झालं. तिथे दर घरामागे वर्गणी आहे, आणि किती लागेल याचा हिशेब राजकारण्यांकडे नसून एका स्वतंत्र आयोगाकडे आहे. राज्यांच्या विधिमंडळांना तो मंजूर करावा लागतो. २०२०मध्ये एका राज्याने अडवून धरला, तेव्हा २०२१मध्ये न्यायालयानेच वाढ लागू केली : महिन्याला १८ युरो ३६ सेंट. त्याआधी २०१४मध्ये त्याच न्यायालयाने ‘झेडडीएफ’ या सार्वजनिक टीव्ही वाहिनीच्या देखरेख मंडळांत सरकारशी संबंधित माणसं एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत असं सांगितलं होतं. तिथेही सारखी भांडणं होतात, पुढची वाढ पुन्हा अडली. पण भांडण उघड होतं, लेखी होतं आणि न्यायालयात नेता येतं.

आपल्याकडे थेट फी परत लावावी असं मी म्हणणार नाही. ती कुणी भरणार नाही आणि गोळा करायला खर्च येईल. मला हवं आहे ते एवढंच : प्रसार भारतीची रक्कम पाच वर्षांसाठी एकदाच, सूत्राने ठरावी. वित्त आयोग राज्यांचा वाटा ठरवतो तेव्हा मुख्यमंत्री कोणत्या पक्षाचा आहे हे पाहत नाही. ते सूत्र आपल्याला परकं नाही.

प्रश्न : मी पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. ताई, हे सगळं वाचून घाबरायला होतं. माझ्यासारखीने नेमकं काय करावं?

नोकरी घेताना पगाराबरोबर दोन गोष्टी विचार. मार्केटिंगचा माणूस संपादकीय बैठकीला बसतो का? आणि ब्युरोला, म्हणजे वाहिनीच्या जिल्ह्यातल्या बातमी कार्यालयाला, जाहिरातींचं टार्गेट आहे का? जिल्ह्यात बातमी आणणाऱ्यालाच जाहिरात आणायला लावतात, ते तिथेच नाकार. तुला वाटेल पहिल्याच नोकरीत असं विचारलं तर घेणार नाहीत. काही जण नाही घेणार. पण नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आणि आत्ता, विद्यार्थिनी असतानाच, एक काम कर. माहिती अधिकाराचा अर्ज लिही. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून नेमकं लिहायचं. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाला विचार : गेल्या आर्थिक वर्षात कोणत्या वृत्तवाहिनीला किती रकमेच्या जाहिराती दिल्या. एवढं बरेच जण विचारतात. तू त्यात दोन रकाने जास्त माग : प्रत्येक बिल सादर झाल्याची तारीख आणि पैसे दिल्याची तारीख. केंद्रीय संचार ब्युरोकडे असाच दुसरा अर्ज. उत्तर आलं की दोन तारखांमधले दिवस मोज आणि वाहिनीवार मांड. कुणाचं बिल महिनाभरात सुटतं आणि कुणाचं वर्षभर पडून राहतं, हे एका पानावर दिसेल. पहिलं उत्तर बहुधा अर्धवट येईल, तेव्हा ३० दिवसांच्या आत पहिलं अपील कर. तक्ता तयार झाला की मला पाठव, मूळ उत्तराच्या प्रतींसह. तुझ्या नावाने याच पानावर छापू.